विजयश्रीताईंची चौथी फाइल

विजयश्रीताई आमच्या ऑफिसात रुजू झाल्या त्या सकाळी त्यांनी पर्समधून पांढरे सुती हातमोजे काढले, नीट बोटं सारखी करून घातले आणि टॅबलेटवर बोट टेकवलं. टॅबलेट ढिम्म. सुती कापडाला तो कसला दाद देतोय! त्यांनी पुन्हा दाबून बघितलं आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "भाऊ, ह्यो पीस डेड हाय. रिजेक्टमधी टाकू का?" टॅबलेट नवाकोरा होता. मी हातमोजे काढायला सांगितले. काढले, पण "काचेवर बोटांचे डाग पडतील, मग मला बोलायचं न्हाई," असं बजावूनच.

आमचं काम सांगायला सोपं आणि करायला डोकं पिकवणारं. पुस्तकांची ई-बुकं करायची. लोकांना वाटतं, एक फाइल केली की झालं. कसलं झालं! परदेशी दुकानाला अशी फाइल लागते की वाचणाऱ्यानं अक्षर मोठं केलं की ओळी आपसूक सरकल्या पाहिजेत. मराठी अॅपवाल्यांना प्रकरणं सुटी सुटी हवीत आणि फोटो वजनाला हलके. कॉलेजांच्या लायब्रऱ्यांना पुस्तक छापील पानासारखं जसंच्या तसं हवं, ओळ इकडची तिकडे झालेली खपत नाही. पीठ एकच, पण एकाला भाकरी हवी, दुसऱ्याला थालीपीठ, तिसऱ्याला धिरडं, आणि तक्रार करायला तिघंही तयार. मी बुद्धभूषण, दापोडीचा, रेल्वेच्या रुळालगतच्या गल्लीत वाढलेला. उमेदीची वर्षं लग्नपत्रिका आणि मंडळांची पत्रकं टाइप करण्यात गेली. पत्रिका मोबाइलवर जायला लागल्या तसा ह्या धंद्यात शिरलो आणि आकुर्डीत झेरॉक्सच्या दुकानावरची खोली भाड्यानं घेतली. स्वभाव तापट आहे हे मला माहीत आहे, कुणी सांगायची गरज नाही.

विजयश्रीताई मूळच्या बार्शीकडच्या. लग्न होऊन चाकणला आल्या आणि मोटरसायकलच्या पेट्रोलच्या टाक्या रंगवणाऱ्या एका कारखान्यात तपासणीला लागल्या. काम काय, तर ट्यूबलाइटच्या रांगेखाली उभं राहायचं आणि समोर येणाऱ्या टाकीत ट्यूबचं प्रतिबिंब बघायचं. रेघ सरळ दिसली तर माल ओके. रेघ कुठं जराशी वाकली तर तिथं पोचा आहे, तो हाताला लागत नसला तरी. अशा किती टाक्या त्यांच्या डोळ्यांखालून गेल्या असतील त्याची गणती नाही. मग कंपनीनं कॅमेरे बसवले. तपासणीच्या बायकांना श्रीखंडाचे डबे देऊन निरोप दिला. ताई सांगतात, "श्रीखंड चांगलं हुतं भाऊ, खोटं कशाला बोलू." पण हे सांगताना त्या खिडकीबाहेर बघतात, आणि मीही दुसरा विषय काढतो.

माझ्याकडे त्यांचं काम फाइली तपासायचं. जुना फोन, नवा फोन, टॅबलेट, वाचायचं यंत्र, सगळ्यांवर पुस्तक उघडून बघायचं. कारखान्याची भाषा त्यांनी काही सोडली नाही. चुकलेलं पान म्हणजे 'रिवर्क'. कारखान्यात मालावर हिरवे, पिवळे, लाल ठिपके चिकटवायची सवय. फाइलीला ठिपका कुठं चिकटवणार? मग त्या माझ्या मॉनिटरच्या कडेला चिकटवायच्या. माझा मॉनिटर गोवर आल्यासारखा दिसायला लागला होता. मी ओरडायचो, त्या नवा ठिपका लावायच्या.

अशात एक दिवस ज्ञानदेव शेवाळेकाका आले. संत तुकाराम नगरात राहणारे, खेड तालुक्यातलं गाव सोडून तरुणपणी पिंपरीत कारखान्याला लागलेले, टूलरूममधून रिटायर झालेले. आयुष्यभर हातात कॅमेरा. कंपनीच्या अंकात त्यांचे फोटो छापून यायचे. त्यांनी पिंपरीतल्या दिवसांच्या आठवणी लिहिल्या होत्या आणि सोबत स्वतः काढलेले बायकोचे फोटो दिले होते. बरोबर त्यांच्या पत्नी रुक्मिणीबाई होत्या. काचबिंदूनं त्यांची नजर केव्हाच गेली होती.

काकांचं लिखाण वाचायला घेतलं आणि मी थेट माझ्या लहानपणात जाऊन पोचलो. शिफ्ट सुटल्यावर गेटमधून बाहेर पडणारा सायकलींचा लोंढा, कँटीनच्या उसळीचा वास, कॉलनीत कुणाकडे टीव्ही आला की दारात साचणाऱ्या चपला. आणि भोंगा! आमच्या दापोडीत भोंग्यावर आयांची भाकरी टाकायची वेळ ठरायची. आमचे वडील एसटीच्या वर्कशॉपला होते, पण त्यांची आंघोळसुद्धा दुसऱ्याच कंपनीच्या भोंग्यावर चालायची. आता डोक्यावरून मेट्रो जाते, खाली गाड्या ठणाणा करतात, आणि एकाही आवाजावरून किती वाजले ते कळत नाही. मला तो भोंगा फार आठवतो. हे वाचून जो कुणी हसेल त्यानं खुशाल हसावं.

काका म्हणाले, "भूषणराव, तीन फाइली दुनियेसाठी करा. चौथी हिच्यासाठी." अंध वाचकांना पुस्तकं ऐकवणारी एक संस्था आहे. तिच्या अॅपवर यंत्राचा आवाज पुस्तक वाचून दाखवतो. पण त्यांची अट अशी, की पुस्तकात फोटो असेल तर त्यात काय दिसतं ते शब्दांत लिहून द्यायचं, म्हणजे फोटो आला की यंत्र ते वर्णन वाचेल. ते काम मी विजयश्रीताईंवर टाकलं. डोळे त्यांचे, लिहितील त्याच.

काका माझ्याशी मुखपृष्ठावर बोलत होते तेवढ्यात रुक्मिणीबाईंनी ताईंचा हात धरून त्यांना जवळ ओढलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "पोरी, तुला एक सांगू? ह्यांचं तरणेपणीचं तोंड मला आता आठवत न्हाई. आवाज रोज हाय कानाशी. पर तोंड पुसत पुसत पार गेलं. इचारलं तर म्हणत्यात, आता म्हाताऱ्याचं तोंड काय आठवायचं. फोटोत कसं दिसत्यात ते तेवढं नीट लिव्ह बाई."

ताईंनी मान डोलावली. मग आठवलं की समोरच्या बाईला मान दिसत नाही, म्हणून मोठ्यानं म्हणाल्या, "लिव्हते, मावशी."

ते गेल्यावर ताईंनी मला हे सांगितलं आणि सगळे फोटो पडद्यावर मोठे करून बघितले. एकेक बघून झाल्यावर माझ्या टेबलाशी आल्या. तोंड उतरलेलं. "भाऊ, काकांचं सबंध तोंड एकाबी फोटोत न्हाई."

"कसं असेल?" मी म्हटलं. "फोटो त्यांनीच काढलेत ना."

आम्ही काकांना फोन केला. दुसऱ्या कुणी काढलेला तुमचा जुना फोटो आहे का, लग्नातला, ओळखपत्रावरचा? नव्हता. लग्नात फोटोवाला आलाच नव्हता, आणि बाकीचं पुराच्या पाण्यात गेलं. तळमजल्याचं घर. पुस्तकातले फोटो वाचले ते केवळ निगेटिव्ह माळ्यावर होत्या म्हणून. काकांनी हे सहज सांगितलं, त्यांना त्यात काही विशेष वाटत नव्हतं. ताईंनी फोन ठेवला आणि त्या पुन्हा फोटोंकडे वळल्या.

पुढचे दिवस त्या वर्णनं लिहीत बसल्या. मी वाचायला घेतली आणि कपाळाला हात लावला. बाईंनी काकांच्या फोटोंचा तपासणी अहवाल केला होता! नमुना सांगतो. "बाई उभी. वय पंचविशीचं. साडीच्या निऱ्या डावीकडे ओढलेल्या. पदराला रफू, धागा वेगळ्या रंगाचा. मागे भिंत, पोपडा निघालेला. उजव्या कोपऱ्यात फोटो काढणाऱ्याचा अंगठा, नख कापलेलं. बाई कॅमेऱ्याकडे बघते." ही शेवटची ओळ सगळ्या वर्णनांना तीच. दुसऱ्या फोटोत, "पुढे जमिनीवर फोटो काढणाऱ्याची सावली, एक कोपर बाहेर." नव्या मोटरसायकलशेजारी रुक्मिणीबाई उभ्या आहेत त्या फोटोत मोटरसायकलबद्दल एक ओळ आणि टाकीवर दिसणाऱ्या प्रतिबिंबाबद्दल चार.

"ताई, हे वर्णन आहे की पंचनामा?"

"जे हाय ते लिव्हलंय."

"अहो, पण लोक फोटोत चांगलं काय ते बघतात!"

"चांगलं म्हंजे काय दिसतं, भाऊ?" त्यांनी खरोखरच विचारलं. मी चहा मागवला.

फाइलचं प्रिंट काकांकडे पाठवलं. ते तांबड्या शाईनं रंगून परत आलं आणि पाठोपाठ काका स्वतः आले. चांगलेच संतापले होते. "भूषणराव, चाळीस वर्षं कॅमेरा हाताळलाय मी. अंगठा आला असेल एखाद्या फोटोत, सावली पडली असेल. त्या चुका आहेत माझ्या. त्या काय जगाला वाचून दाखवायच्या? हे सगळं काढा." जिथं जिथं अंगठा, सावली, प्रतिबिंब होतं तिथं तिथं त्यांनी काट मारली होती. रफू आणि पोपडाही गेला होता. त्याऐवजी काठावर सुंदर अक्षरात लिहिलं होतं, 'प्रसन्नवदना गृहिणी', 'तेजस्वी भविष्याकडे पाहणारी सहचारिणी'. रफूच्या जागी 'साधी पण नेटकी वेशभूषा'.

लेखक सांगेल ते आम्ही करतो. मी ताईंना म्हटलं, करून टाका दुरुस्त्या.

"ह्यो रिवर्क मी करणार न्हाई."

मला राग आला, आणि मी तो लपवला नाही. पुस्तक त्यांचं, फोटो त्यांचे, बायको त्यांची, तुम्ही मधे कोण? असं बरंच बोललो. ताई ऐकून घेत होत्या. माझं संपल्यावर म्हणाल्या, "भाऊ, मावशींना काका बघायचेत. आन काका फोटोत जिथं जिथं सापडले, तेवढ्याच जागा त्यांनी खोडल्यात."

मी प्रिंट पुन्हा हातात घेतलं. अंगठा, सावली, कोपर, प्रतिबिंब. खरंच की. तो माणूस स्वतःच्याच हातानं स्वतःला पुस्तकातून बाहेर काढत होता आणि त्याला पत्ता नव्हता. माझा राग तिथल्या तिथं ओसरला.

"मग काकांना सांगू या सरळ."

"मावशींनी मला गुपचूप सांगितलंय. मी कसं सांगू?" त्यांनी थोडा विचार केला. "आमच्याकडं नवा माल लाइनवर चढायच्या आधी पहिला पीस गिऱ्हाइकाला दावायचे. त्यानं हा म्हटलं तरच पुढं. इथं गिऱ्हाईक मावशी हाय. दोन्ही फाइली करते. दोन्ही त्यांना ऐकवू."

काकांना फोनवर हे सांगितलं तर ते खूश झाले. "या की. हिला ऐकवूनच ठरवू. म्हणजे तुमच्या तपासनीसबाईंना फरक कळेल."

रविवारी सकाळी आम्ही संत तुकाराम नगरात त्यांच्या घरी गेलो. पोह्यांच्या बशा पुढं आल्या. रुक्मिणीबाई पलंगावर पाय वर घेऊन बसल्या होत्या. ताईंनी लॅपटॉप स्टुलावर ठेवला आणि काकांची फाइल लावली. यंत्राचा तो कोरडा आवाज म्हणू लागला, "फोटो. प्रसन्नवदना गृहिणी, निवासस्थानासमोर." पुढचा फोटो. "तेजस्वी भविष्याकडे पाहणारी सहचारिणी." काका मान डोलावत होते. रुक्मिणीबाईंनी थोडा वेळ ऐकलं आणि म्हणाल्या, "पोहे गार व्हत्याल, खाऊन घ्या." काकांच्या उत्साहावर थोडं पाणी पडलं.

मग ताईंनी दुसरी फाइल लावली. "बाई उभी. पदराला रफू, धागा वेगळ्या रंगाचा."

"थांब थांब," रुक्मिणीबाई सरळ झाल्या. "हिरवा धागा का?"

"हिरवाच, मावशी."

"आगं, ती सायकलच्या चेनीत गेलती साडी! कासारवाडीच्या पुलाखाली. हे पुढं, मी मागं क्यारियरवर. फाटली आन मी भर रस्त्यात रडले." त्या हसत होत्या. "फुडं लाव."

अंगठा आला. त्यांनी तो दोनदा ऐकला आणि विचारलं, "नख कापलेलं हाय न्हवं? शिफ्टला जायच्या आधी कापायचे हे, मशीनमधी जाऊ नये म्हणून." सावली आली. "एक कोपर बाहेर," यंत्र म्हणालं. काका अस्वस्थ होऊन खुर्चीत हलले. "ती चूक आहे गं. सूर्य पाठीमागं होता."

"तुमी गप बसा," रुक्मिणीबाई म्हणाल्या.

मोटरसायकलचा फोटो लागला. "टाकीवर फोटो काढणाऱ्याचं प्रतिबिंब. माणूस गुडघ्यात वाकलेला. टाकी गोल असल्यानं पोटाजवळ फुगलेला. शर्टाची उजवी बाही वर दुमडलेली, डावी खाली सुटलेली."

"फुगलेलं कसलं, काडी हुते नुस्ती!" त्यांनी पलंगावर हात आपटला. "बाही मातूर खरी. एक वर आन एक खाली, कितीबी सांगा."

"ते प्रतिबिंब दाखवा बघू," म्हणत काका उठून लॅपटॉपपाशी आले. ताईंनी फोटो मोठा करून दाखवला. टाकीच्या काळ्या रंगात बोटभर उंचीचा एक तरुण गुडघ्यात वाकून उभा होता. काका चष्मा वर करून, खाली करून बघत राहिले. "मी असा आत आलोय हे मी कधी बघितलंच नव्हतं," ते म्हणाले. "मी फक्त हिलाच बघत होतो."

शेवटचा फोटो घरातला होता. रुक्मिणीबाई उभ्या, मागं आरशाचं लोखंडी कपाट. यंत्र वाचत गेलं. "आरशात फोटो काढणारा. कपाळ आणि डोळे फ्लॅशच्या उजेडात गेलेले. कॅमेऱ्याखाली तोंडाचा खालचा भाग दिसतो. मिशी बारीक. हनुवटीवर खळी. खालचा ओठ दातांत धरलेला."

रुक्मिणीबाईंचा हात हळूहळू स्वतःच्या ओठावर गेला.

"ओठ," त्या म्हणाल्या. "व्हय. व्हय गं. काय बी बारीक काम करायचं झालं की ओठ दातात. दाढी करताना. पोरीला घास भरवताना." मग त्यांचा आवाज फुटला. "आलं. आलं बग समोर. हनुवटी वर करून बघायचे. डोळे बारीक व्हायचे. डाव्या भुवईत केस न्हवते जरा. समदं आलं." त्यांनी हात पुढं केला. काका पलंगाच्या कडेला बसले आणि त्यांनी तो हात आपल्या चेहऱ्यावर ठेवून घेतला. आता मिशी नव्हती, हनुवटीची खळी सुरकुत्यांत गेली होती. रुक्मिणीबाई भुवईवरून बोट फिरवत होत्या. काका रडत होते. मीही. दापोडीच्या माणसाला रडायला लाज वाटत नाही, निदान त्या दिवशी मला वाटली नाही.

जरा वेळानं काकांनी नाक पुसलं आणि ताईंना म्हणाले, "बाई, तुमचीच ठेवा. एक अक्षर काढू नका."

"येक हाय," रुक्मिणीबाई म्हणाल्या. "येक चूक हाय तिच्यात."

विजयश्रीताई दचकल्या. त्यांच्या मालात चूक काढलेली मी तरी आजवर ऐकली नव्हती. त्यांनी लॅपटॉप मांडीवर घेतला. "सांगा मावशी. कुठं?"

"दर फोटोच्या शेवटाला ती मशीन म्हणती, बाई कॅमेऱ्याकडं बघते."

"हो. नजर सरळ हाय तुमची. सगळ्या फोटोत."

"सरळच असणार. पर मी काय त्या डबड्याकडं बघत हुते व्हय?" रुक्मिणीबाईंचा हात अजून काकांच्या गालावर होता. "ह्यांच्याकडं बघत हुते. तसं लिव्ह."

ताईंनी पहिल्या फोटोपासून सुरुवात केली. प्रत्येक वर्णनाची शेवटची ओळ खोडून नवी लिहिली, जतन केली आणि पुढच्या फोटोवर गेल्या. त्यांचं पुरं होईपर्यंत आम्ही बसून राहिलो.